वऱ्हाडातील भूदृश्यविद्येचे शिक्षण : शब्दांच्या आधारे एक ऐतिहासिक विचार

आपल्या भागातील तरुणांना आज जी व्यवसाय-प्रमाणपत्रे मिळविता येतात, त्यांत भूदृश्यरचनेचे प्रमाणपत्र अगदी अलीकडचे होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायांत ‘फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग’ या नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. भारतीय कृषी कौशल्य परिषदेने ‘गार्डनर’, म्हणजे आपला माळी, या कामासाठी स्वतंत्र पात्रता ठरवून दिली आहे. कृषिशिक्षणाच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतही पुष्पशास्त्राच्या जोडीने हा विषय शिकविला जातो. या सर्व नावांमागे ‘शाश्वत’ हे विशेषणही आता लागू लागले आहे.

या विद्येस वऱ्हाडात काही पूर्वेतिहास आहे काय, आणि असल्यास ती कोणी, कोणास व कोणत्या शब्दांत शिकविली, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतला आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, उद्यानविद्येचा नव्हे. तेव्हा झाडांविषयीचे त्याचे ज्ञान ऐकीव आणि वाचीव समजावे. शब्दांविषयी मात्र त्याला थोडे बोलण्याचा अधिकार आहे असे तो मानतो. त्याचे म्हणणे असे की, ही विद्या येथे होती आणि तिला चांगली समृद्ध परिभाषाही होती. शिक्षणाची व्यवस्था जसजशी कागदावर येत गेली, तसतशी ती परिभाषा बाहेर राहिली. आणि परिभाषा बाहेर राहिली की ती बोलणारा माणूसही परीक्षेच्या दाराबाहेर राहतो.

प्रथम नावाचाच विचार करू. इंग्रजीतील ‘लँडस्केप’ हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच चित्रकारांच्या परिभाषेतून आला. आरंभी त्याचा अर्थ जमिनीचे चित्र असा होता. जमीन हा अर्थ मागाहून आला. १८६३ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार ओल्मस्टेड व व्हॉक्स यांनी आपल्या व्यवसायासाठी ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ हे नाव स्वीकारले आणि १९०० साली हार्वर्ड विद्यापीठाने या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला. आपला ‘भूदृश्य’ हा प्रतिशब्द मूळ चित्रमय अर्थाशी प्रामाणिक आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या शब्दात जमीन पाहणारा आहे. ती कसणारा, खणणारा, तिच्यावर पाणी फिरविणारा त्यात नाही.

याच्या शेजारी वऱ्हाडी शेतकऱ्याचे शब्द ठेवून पाहावेत. कसण्याची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. हलकी, मुरमाड, उंचावरची जमीन म्हणजे बरड. दोन शेतांमधील उंचवटा, ज्यावर गवत, बोर, निंब वाढू देतात, तो धुरा. गुरे एकत्र जमण्याची गावाबाहेरची जागा म्हणजे आखर. सिंचनाखालील जमीन ती ओलिताची, उरलेली कोरडवाहू. काळी आणि पांढरी ही रंगांची नावे आहेत, ही गोष्ट खरी. परंतु तो रंग शोभेसाठी सांगितलेला नाही. पांढरीचा रंग पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींच्या राखेने व भिंतींच्या मातीने आलेला असतो. माती कशी आहे, पाणी कोठे जाते, त्या जागेचा उपयोग कोण करतो, एवढेच हे शब्द सांगतात. आजच्या भूदृश्यरचनेच्या पाठ्यपुस्तकात ‘जागेचे सर्वेक्षण’ या पहिल्या प्रकरणात ज्या गोष्टी टिपावयास सांगितलेल्या असतात, त्या याच होत.

शोभेच्या बागेचे शब्द बव्हंशी फारसीतून आले. ‘बाग’, ‘बगीचा’, ‘गुलाब’ ही त्या घराण्याची नावे, आणि ‘हौद’ मूळचा अरबी असला तरी त्यांच्याच वाटेने आलेला. बहामनी सत्तेच्या काळात आणि पुढे इमादशाहीत, म्हणजे १४९० ते १५७४ या अवधीत, अचलपूर हे वऱ्हाडच्या सत्तेचे केंद्र होते. अचलपूरजवळचा हौज कटोरा, गाविलगडावरील तलाव, अकोल्याच्या उत्तरेस नरनाळ्यावरील सक्कर तलाव ही पाण्याची बांधकामे आजही पाहावयास मिळतात. डोंगरमाथ्यावर पावसाचे पाणी अडवून शिबंदीला वर्षभर पुरविणे ही सामान्य विद्या नव्हे. ते काम कोणत्या कारागिरांनी केले हे इतिहासकारांनी नोंदविलेले नाही; राजांची नावे मात्र राहिली. एक मौज सांगण्यासारखी आहे. दरबारी शब्दांपैकी ‘बगीचा’ हा शब्द वऱ्हाडात अगदी शेतकऱ्याचा होऊन गेला. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या झाडांच्या शेताला कोणी ‘बाग’ किंवा ‘मळा’ म्हणत नाही; तो बगीचाच असतो. शोभेचा शब्द रोजगाराचा झाला, ही अर्थान्तराची दिशा लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याहून जुना पुरावा महानुभावांच्या गद्यात आहे. मोर्शी तालुक्यातील ऋद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे स्थान. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात संकलित केलेली चरित्रे आणि पुढे पंथातच तयार झालेली ‘स्थानपोथी’ ही मराठीची आद्य गद्यसंपत्ती होय. वि. भि. कोलते यांच्या संपादनांमुळे ती आपणांस सुलभ झाली. साहित्याचे अभ्यासक लीळाचरित्राकडे जितक्या आवडीने वळतात, तितक्या आवडीने स्थानपोथीकडे वळत नाहीत, हे मला नेहमी खटकत आले आहे. या ग्रंथात कथा जवळजवळ नाही. अमुक गाव, त्याच्या अमुक दिशेस देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, त्याची पटिशाळा कोठे, विहीर कोठे, वृक्ष कोणता, असे हे वर्णन चालते. भक्ताला प्रत्येक पवित्र जागा नेमकी सापडावी हा त्यामागील हेतू. त्यामुळे लेखकाला जागा शब्दांत मांडण्याची एक शिस्त घालून घ्यावी लागली: दिशा, अंतर, उंचसखलपणा, पाणी, झाड. परिश्रयाच्या, म्हणजे शौचाच्या जागाही त्यातून वगळलेल्या नाहीत. नकाशा न काढता जागा सांगण्याची ही पद्धत होय, आणि ती मराठीत आहे. नारायण व्यास बहाळिये यांनी ‘ऋद्धिपूरवर्णन’ हे काव्य रचले. परंतु माझ्या प्रयोजनास त्या काव्याच्या अलंकारांपेक्षा स्थानपोथीचे रूक्ष गद्य अधिक उपयोगी पडते. ऋद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. स्थानपोथीतील स्थलवाचक शब्दांची सूची हे काम तेथील विद्यार्थ्यांस घेता येईल.

पुढील काही शतकांचा धागा ग्रंथांतून सापडत नाही. तो माळ्यांच्या, बाऱ्यांच्या घरांतून शोधावा लागतो. अंजनगाव सुर्जी व अकोट या भागांत बारी समाजाने पानमळे आणि पानपिंपळीची लागवड पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पानवेल उन्हाचा व वाऱ्याचा मारा सोसत नाही. तिच्यासाठी हादगा, शेवरी, पांगारा अशी झपाट्याने वाढणारी झाडे लावून सावली तयार करावयाची, भोवती वाऱ्याला आडोसा करावयाचा, आणि मुळाशी ओल राहील पण पाणी साचणार नाही असा जमिनीचा उतार ठेवावयाचा. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात एवढ्या नाजूक वेलीस जगविणारी ही रचना आजच्या भाषेत सूक्ष्म हवामानाची योजना ठरेल. मुलगा ती बापाच्या हाताखाली शिके. प्रमाणपत्र नव्हते, मळा उभा राहिला तोच दाखला.

संत्र्याची हकिकत थोडी वेगळी आहे. भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेकडून संत्र्याची रोपे नागपुरास आणली अशी परंपरा आहे. विसाव्या शतकात हे पीक अमरावती जिल्ह्यात पसरले आणि वरुड तालुक्यातील शेंदुरजना घाट हे कलमांच्या रोपवाटिकांचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. येथे ‘डोळा भरणे’, ‘खुंट’, ‘जंबेरी’, ‘आंबिया बहार’, ‘मृग बहार’, ‘दुहेरी आळे’ असे शब्द रोजच्या बोलण्यात असतात. यांतील दुहेरी आळ्याची युक्ती अशी की, खोडाभोवती एक लहान व त्याबाहेर एक मोठे अशी दोन आळी करून पाणी बाहेरच्या आळ्यातच द्यावयाचे. खोडाला पाणी लागले नाही म्हणजे डिंक्या रोगाचे भय कमी होते. पण सर्वांत विचार करण्यासारखा शब्द आहे ‘ताण’. आंबिया बहार धरावयाचा असेल तर हिवाळ्यात पाणी तोडतात, झाडाला विश्रांती देतात, आणि मग पाणी सुरू करताच झाड फुलावर येते. एका वृद्ध रोपवाटिकाधारकाने मला हे समजावून सांगितले ते असे: “झाड तहानलं पाह्यजे सर, मरू नाई पाह्यजे. कधी थांबाचं, ते पानं सांगतेत.” पाणी देणे आणि पाणी न देणे या दोन्ही क्रिया सारख्याच विचारपूर्वक करावयाच्या, हे ज्ञान या एका दोन अक्षरी शब्दात आहे. असे असूनही वरुड व मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जावेत, हे आपल्या काळाचे दुर्दैव. ताण जाणणाऱ्यांच्याच भागात विंधनविहिरी खोल खोल गेल्या. शब्द असला म्हणजे शहाणपण टिकतेच असे नाही, हे मी माझ्या उपपत्तीच्या विरुद्ध जाणारे उदाहरण म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो.

आता शाळेकडे वळू. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले व १९०३ साली ते मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले. नागपुरात १८८८ साली कृषिशाळा व १९०६ साली कृषिमहाविद्यालय निघाले. भोसल्यांची महाराजबाग कृषिखात्याकडे गेली व शिक्षणाशी जोडली गेली. राजाच्या विलासाची जागा अशा रीतीने प्रयोगाची जागा झाली. परंतु महाविद्यालयाची भाषा इंग्रजी होती. माळी महाराजबागेत काम करीत होता आणि विद्यार्थी त्याच महाराजबागेत शिकत होता. दोघांचे शब्द मात्र वेगळे राहिले.

हे अंतर मोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९३७ साली झाला. त्या वर्षी ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि समितीने मूलोद्योगांच्या यादीत सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर फळबाग व भाजीपाल्याची बागाईत हाही उद्योग घातला. त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना पुढे आणली. प्रत्येक शाळेस दानाने मिळालेली जमीन असावी व तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी अशी ती कल्पना. शाळेचे नाव धार्मिक वाटते म्हणून मुस्लिम लीगने तीव्र विरोध केला. अर्थव्यवहाराच्या अडचणी होत्याच. आणि १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर योजनेमागचे राजकीय बळही गेले. शिक्षणाच्या इतिहासात तिची गणना फसलेल्या प्रयोगांत होते. मला तिच्यातील एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शाळेची जमीन हेच पाठ्यपुस्तक असेल तर शिक्षकाला धुरा, बरड, ओलीत हे शब्द टाळून शिकविता येणार नाही. भाषेचा प्रश्न या योजनेने वेगळा सोडविलाच नसता. तो उद्भवलाच नसता.

पंजाबराव देशमुखांचे कार्य वाचकांस परिचित आहे. पापळचा शेतकऱ्याचा मुलगा ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन येतो, १९३२ साली अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करतो, १९५२ ते १९६२ या काळात भारताचा कृषिमंत्री होतो. शेतकऱ्याच्या मुलाला उच्च शिक्षण मिळाले पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यास त्यांचे नाव मिळाले, ही योग्यच गोष्ट झाली. पदवीचे शिक्षण मात्र इंग्रजीतच राहिले. मराठी उरली ती दोन वर्षांच्या कृषी तंत्र विद्यालयांच्या वाट्याला. वरच्या पायरीवर इंग्रजी, खालच्या पायरीवर मराठी, आणि मळ्यात वऱ्हाडी, अशी ही तीन मजली व्यवस्था आहे.

मधल्या मजल्यावरची मराठी कशी तयार होते, याचा एक अनुभव सांगतो. दोष सर्वस्वी माझा आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने माळीकामाच्या व्यवसाय-अभ्यासक्रमाची पुस्तिका मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे सोपविले. भाषाशास्त्राचा डॉक्टर म्हणून मी ते निःशंकपणे पत्करले. मुळात ‘ग्रेडिंग’ असा शब्द होता. मी कोशात पाहिले, ‘प्रतवारी’ असा अर्थ मिळाला, तो लिहिला. फळांच्या संदर्भात तो बरोबरच आहे. परंतु येथे अभिप्रेत होते ते जमिनीला उतार देण्याचे काम. ‘ड्रेनेज’ला मी ‘सांडपाणी-व्यवस्था’ लिहिले; हवा होता तो ‘निचरा’. ‘स्वेल’ म्हणजे पावसाचे पाणी सावकाश वाहून नेणारा, गवताने आच्छादलेला उथळ खोलगट पट्टा. त्याला मला शब्दच मिळाला नाही, म्हणून मी ‘स्वेल’ असेच ठेवले. पुस्तिका वर्गात गेल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, जमिनीची प्रतवारी करून तिचं पुढं काय कराचं?” मी निरुत्तर झालो. त्याच मुलाच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी शेतात तो उथळ पट्टा मला दाखविला आणि सहज म्हणाले, “हे लवण हाये.”

लवण! हा शब्द मला ठाऊक नव्हता असे नाही. लवणे, म्हणजे वाकणे, यापासून तो झाला; जमीन जेथे लवली ते लवण. ग्रामीण कथांतून तो वाचलेला होता. पण कोशातून शोध घेणाऱ्याच्या डोक्यात तो येत नाही, कारण इंग्रजीकडून मराठीकडे येणाऱ्या वाटेवर तो ठेवलेलाच नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. तो मुंबई इलाख्यात सिद्ध झाला. वऱ्हाड त्या वेळी निजामाच्या मुलखात होते. ग्रियर्सनच्या १९०५ च्या खंडात वऱ्हाडी बोलीची दखल घेतली गेली, परंतु ती व्याकरणाच्या व नमुन्यांच्या दृष्टीने. स्वातंत्र्योत्तर काळात भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे मोठे काम केले, कृषिशास्त्राचा कोशही दिला. त्यांची दिशा स्वाभाविकपणेच इंग्रजीकडून संस्कृतकडे जाणारी होती. त्या दिशेने गेल्यास ‘लवण’ भेटते ते मीठ या अर्थाने.

आणि वऱ्हाडात हा केवळ गमतीचा योगायोग नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. येथील भूजल खारे आहे. माती भारी, चिकण व सोडियमयुक्त असून तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही. विहिरीचे खारे पाणी दिले तर मातीच्या कणांची घडण मोडते, पृष्ठभाग घट्ट होतो, निचरा आणखी खुंटतो. अशा जागी पुस्तकातल्याप्रमाणे हिरवळीचा गालिचा घालून त्यास उन्हाळाभर विंधनविहिरीचे पाणी पाजणे म्हणजे जमीन बिघडविणेच होय. येथे करावयाचे ते पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरणे, लवण बुजू न देणे, धुऱ्यावर निंब, बाभूळ, बोर राखणे. आता एका विद्यार्थ्याच्या वहीत ‘लवणयुक्त जमीन’ असे लिहिलेले आहे. ती खारी की खोलगट? एका अर्थी पाण्याचा मार्ग, दुसऱ्या अर्थी पाण्याचा दोष. वही मराठी आहे, आणि तरी या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत नाही.

‘शाश्वत’ या विशेषणाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालानंतर ‘सस्टेनेबल’ हा इंग्रजी शब्द जगभर झाला व मराठीने त्यास ‘शाश्वत’ म्हटले. शाश्वत म्हणजे कधीही न बदलणारे. बाग हा तर नित्य बदलणारा पदार्थ! पुढच्या पिढीचा वाटा राखून वापरणे हा मूळ अर्थ त्या शब्दातून निघत नाही. शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘बेण्याचं राखून’ असा प्रयोग आढळतो: पीक घ्यावयाचे, पण बियाणे बाजूला काढून. परिभाषा म्हणून तो चालेल असा माझा आग्रह नाही. अर्थ मात्र त्यात अधिक नेमका उतरला आहे.

२०१३ च्या अखेरीस राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला, आणि २०१५ पासूनच्या कौशल्य विकास योजनेत पूर्वीच अंगी असलेल्या ज्ञानाला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. या तरतुदीचे मला मनापासून कौतुक वाटते. ज्याने तीस वर्षे माती हाताळली त्याला पुन्हा वर्गात न बसविता त्याचे ज्ञान मान्य करावयाचे, ही कल्पना उदार आहे. अडचण मूल्यमापनाच्या वेळी येते. परीक्षक विचारतो, “हार्डस्केप आणि सॉफ्टस्केप यांतील फरक सांगा.” वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा तो डोया, मळा तो मया, आळे ते आये. समोरचा ‘मायी’ गप्प राहतो. त्याने आदल्याच दिवशी फरसबंदीचे पाणी वाफ्यात उतरेल असा उतार काढलेला असतो. तो फरक त्याने केलेला असतो, सांगितलेला नसतो.

या कारणाने मी गेली दोन वर्षे पावसाळ्याच्या सुट्यांत शब्दपत्रिका जमवीत आहे. प्रत्येक पत्रिकेवर शब्द, त्याचा वऱ्हाडी उच्चार, तो सांगणाऱ्याचा व्यवसाय, गाव, आणि शब्द ज्या वस्तूचा तिचे एक रेखाटन. रेखाटनाची कल्पना स्थानपोथीवरून सुचली, जरी तिच्यात रेखाटन नाही. दिशा, पाणी, झाड हा क्रम तिचाच ठेवला आहे. अंजनगावकडील पानमळ्यांतील शब्द बरेच मिळाले. दर्यापूर तालुक्यातले थोडे मिळाले, कारण तेथे उन्हाळ्यात गेलो आणि लोक पाण्याच्या कामात होते. पूर्णेच्या उत्तरेचा भाग अद्याप पाहावयाचा आहे. ज्या विद्यार्थ्यांची गावे तिकडे आहेत त्यांनी घरी जाताना कोऱ्या पत्रिका विभागातून न्याव्यात. ‘लवण’ची पत्रिका भरलेली आहे, त्यावर एकच त्रुटी राहिली आहे, की तो शब्द आपल्या गावी पुल्लिंगी बोलतात, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, याविषयी सांगणाऱ्यांचे एकमत नाही.